राहते घर विकताना : दलाल कसा निवडावा व घर कसे सिद्ध करावे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर सूचक समितीचा अहवाल आणि सहभोजन यांच्यामध्ये घर विकण्याचा विषय कोणी काढावा, हे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु अलीकडे आपल्या सभासदांच्या पत्त्यांच्या वहीत जे फेरफार होत आहेत ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांस या विषयाची निकड सांगावयास नको. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील पत्ते खोडले जात आहेत, आणि त्यांच्या जागी विरार, बदलापूर, पुणे, क्वचित कोकणातील मूळ गाव असे पत्ते लिहिले जात आहेत. खोडलेल्या बहुतेक पत्त्यांमागे एक विक्री आहे, आणि त्या विक्रीत पतिपत्नींची उभ्या आयुष्याची मिळकत गुंतलेली आहे. पगारात एका महिन्याची चूक पुढील महिन्यात दुरुस्त होते. घर मात्र आपल्यापैकी बहुतेक जण जन्मात एकदाच विकतात. त्यामुळे विकणारा नेहमी नवशिका असतो, आणि समोर बसलेला दलाल रोजचा सराईत.

आम्ही वकील नाही. मॅट्रिकनंतर शाळेत मुले शिकवीत आलेलो निवृत्त शिक्षक आहोत. सभासदांची कागदपत्रे वाचून ती त्यांस समजावून सांगण्याचे काम मंडळाने आमच्याकडे दिले, त्यात जे दिसले तेवढेच आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रथम दलालाविषयी. मुंबईत सहकारी गृहरचनेचा पाया घालण्यात ज्ञातींचा मोठा वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. गावदेवी येथील सारस्वत मंडळींची सोसायटी १९१५ सालची. पुढे १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली महापालिकेची हद्द उत्तरेकडे सरकत दहिसर व मुलुंडपर्यंत गेली, आणि गिरगाव-दादरच्या चाळींतून आपली वडीलधारी मंडळीही उपनगरांकडे निघाली. कोठे पाणी बरे आहे, कोणता बांधणारा शब्दाचा पक्का आहे, स्टेशनपासून पावसाळ्यात चालत जाता येते की नाही, हे त्यांस ज्ञातिबांधवांकडूनच कळत असे. त्या विश्वासाची सवय आपल्या अंगी अद्याप मुरलेली आहे. म्हणून घर विकावयाचे ठरले की आपला पहिला प्रश्न असतो, ‘आपल्यातला कोणी एजंट आहे का हो?’

हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. परंतु त्याचे उत्तर ‘आहे’ असे आले की आपण पुढचा एकही प्रश्न विचारीत नाही, ही आमची तक्रार आहे. ज्याच्या लग्नात आपण अक्षता टाकल्या त्याच्याकडून दलालीचा आकडा लिहून कसा घ्यावा, असा संकोच आड येतो. तोही बिचारा त्याच संकोचाने गप्प बसतो. मग व्यवहार पुरा झाल्यावर एकास वाटते शेकडा एक ठरले होते, दुसऱ्यास वाटते दोन. अशा वेळी पैसा तर जातोच, पण पिढ्यांचे येणे-जाणेही तुटते. परका दलाल असता तर निदान मनमोकळे भांडता तरी आले असते! आपला माणूस असेल तर त्यास अवश्य काम द्यावे; मात्र परक्यास जे विचारले असते ते सर्व त्यासही विचारावे. चांगला माणूस त्याने रागावत नाही, आणि रागावला तर त्यातूनही आपणास काही कळतेच.

आता थोडे गणित, कारण जुनी खोड जात नाही. उपनगरांत जुन्या सदनिकेच्या विक्रीवर दलाली बहुधा शेकडा एक ते दोन असते, आणि पुष्कळ दलाल ती विकणारा व घेणारा या दोघांकडूनही घेतात. समजा, घर दीड कोटीचे आहे व आपण देणार असलेली दलाली शेकडा एक आहे. म्हणजे दलालास दीड लाख रुपये मिळावयाचे. गिऱ्हाईक हातचे जाईल या भीतीने आपण किंमत दहा लाखांनी उतरविली, तर आपले दहा लाख गेले. दलालाचे गेले केवळ दहा हजार. त्या दहा हजारांसाठी त्याने आणखी तीन महिने खेटे का घालावे? यात त्याचा दुष्टपणा नाही, गणितच तसे आहे. सौदा लवकर व्हावा हा त्याचा हेतू आणि किंमत पुरी यावी हा आपला हेतू, हे दोन्ही काही अंतर बरोबर चालतात व पुढे त्यांची वाट फुटते. ती कोठे फुटते हे विकणाऱ्याने ओळखून असावे.

याच्या उलट प्रकारही आहे. तीन दलाल बोलावले तर जो सर्वांत मोठा आकडा सांगतो त्यास आपण काम देतो. आकडा सांगावयास त्यास काही पडत नाही. मग दोन महिने कोणी फिरकत नाही, आणि ‘काका, बाजार पडला आहे’ असे सांगून तोच आकडा खाली आणला जातो. म्हणून किंमत दलालाकडून ऐकण्यापूर्वी स्वतः शोधावी. आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत अलीकडे झालेल्या विक्रीची सूची क्रमांक दोन, जिला सर्वजण इंडेक्स टू म्हणतात, ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. नातवंडांस हे काम सांगावे. ती पंधरा मिनिटांत करून देतात. सरकारी वार्षिक मूल्यदर तक्ताही पाहावा, कारण करारातील किंमत त्याहून कमी असली तरी मुद्रांक शुल्क तक्त्याच्याच हिशेबाने भरावे लागते.

दलालाची नोंदणी विचारावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये २०१७ पासून आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण काम करीत आहे. दलालांची नोंदणी तेथे होते, आणि २०२३ साली त्या प्राधिकरणाने दलालांस प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली, हे शिक्षक या नात्याने आम्हांस फार आवडले. परंतु येथे एक बारकावा आहे, तो पुष्कळांस ठाऊक नसतो. कायद्याची ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील जागांच्या दलालीपुरती आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीतील आपली सदनिका, जिला आपण एके काळी ब्लॉक म्हणत असू, ती त्या कक्षेत येत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक हे अभ्यासाचे व सचोटीच्या इच्छेचे चिन्ह समजावे, संरक्षण समजू नये. आपले खरे संरक्षण म्हणजे दलालाशी केलेला एक पानी लेखी करार. दलाली किती, ती कोणत्या रकमेवर, त्यावर कर असल्यास तो कोणी भरावयाचा, ती केव्हा द्यावयाची, घेणाऱ्याकडूनही तो दलाली घेणार आहे काय, आणि हे काम किती महिन्यांसाठी दिले आहे, एवढे त्यात असले की पुरे. दलाली विसार मिळताच देऊ नये; साठेखताच्या नोंदणीस थोडी आणि पूर्ण रक्कम हाती आल्यावर उरलेली, अशी द्यावी.

दहा दलालांस एकदम सांगू नये. एकच घर दहा ठिकाणी दहा किमतींनी जाहिरातीत दिसू लागले म्हणजे घेणाऱ्यास वाटते, हा मनुष्य अडलेला आहे. एकास दोन-तीन महिने द्यावे, किंवा फार तर दोघांस. किल्ली कोणाजवळही ठेवू नये. घरी एकट्या वृद्ध स्त्रीने जागा दाखवू नये. शेजारणीस किंवा भाच्यास त्या वेळी बोलावून घ्यावे. आणि एक गोष्ट मंडळाच्या परवानगीने सांगतो. याच स्मरणिकेत जागांच्या दलालांच्या जाहिराती आहेत. त्यांच्या पैशाने कागदाचा व छपाईचा खर्च काही अंशी निघतो, याबद्दल आपण ऋणी आहोत. परंतु जाहिरात छापली म्हणजे मंडळाने शिफारस केली, असे कृपा करून कोणी समजू नये.

आता घर सिद्ध करण्याकडे वळू. आपली समजूत अशी की घर सिद्ध करणे म्हणजे रंग काढणे. आमच्या मते रंग शेवटी. प्रथम कपाटातील कागद. बांधणाऱ्याशी झालेल्या पहिल्या करारापासून आपल्या करारापर्यंतची अखंड साखळी, नोंदणीच्या पावत्या, सोसायटीचा भाग दाखला, भोगवटा प्रमाणपत्राची नक्कल, मालमत्ता कराची पावती, कर्ज फिटले असल्यास बँकेचे तसे पत्र, हे सर्व एका पिशवीत आले म्हणजे निम्मे काम झाले. या साखळीत एक कडी कमी असली तर घेणाऱ्याची बँक कर्ज देण्यास कचरते, आणि रोख एवढे पैसे देणारा गृहस्थ आपल्या वाट्यास क्वचितच येतो. भाग दाखला तर नको तेथे सापडतो. एका घरी तो जुन्या पंचांगात सापडला. म्हणून वडिलांच्या ट्रंकेतील एकही कागद वाचल्यावाचून रद्दीत घालू नये.

पोटमाळ्यावरचा पसारा आवरणे हे काम मनास फार जड जाते, हे आम्ही जाणतो. पितळेचे हंडे, पाट, गणपतीचे मखर, मुलांच्या वह्या. यांतील काय कोणाकडे जाईल ते घर दाखविण्यापूर्वीच ठरवून टाकावे, कारण विसार घेतल्यावर दोन महिन्यांत हे निवांतपणे होत नाही व मग बहिणी-बहिणींत हंड्यावरून रुसवे होतात. देवघर मात्र हलवू नये. ‘देव झाका, घेणाऱ्यास आवडत नाही’ असे सांगणारा एक दलाल आम्हांस भेटला. ज्या घरात माणसे राहतात तेथे दिवा लागणारच. दागिने, औषधे व बँकेची पुस्तके मात्र अवश्य कुलपात ठेवावी, आणि जाहिरातीसाठी काढलेल्या छायाचित्रांत कपाट व कुलूप दिसू देऊ नये.

कागदांतील सर्वांत अवघड गाठ वारसांची. घाटकोपरच्या एका कुटुंबातील गोष्ट नावे गाळून सांगतो. वडील वारले, सोसायटीत नामनिर्देशन थोरल्या मुलाच्या नावे. दलालाने सांगितले, नामनिर्देशन आहे तेव्हा मालक तुम्हीच. विसारही घेतला गेला. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, दोन बहिणींचे काय? बहिणी भावाच्या विरुद्ध नव्हत्या. पण आपणास कोणी विचारलेदेखील नाही, हे त्यांस लागले, आणि सहीस चार महिने लागले. तोवर घेणारा निघून गेला. नामनिर्देशनाने वारसा ठरत नाही. सहकारी कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच म्हटले आहे की वारस ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ही तात्पुरती सभासद होय. तेव्हा वारसांनी आधी एकत्र बसावे, हक्कसोड पत्र करावयाचे असेल तर ते रीतसर नोंदवावे, आणि मगच दलालास दार उघडावे. लग्न झालेल्या मुलीस ‘तू फक्त सही कर’ असे निरोपात सांगू नये. तिला बोलावावे, किंमत सांगावी, तिचा वाटा सांगावा. तिने वाटा सोडला तर तो तिने दिला असे होते. न विचारता घेतला तर तो आपण काढून घेतला असे होते. मुलगा परदेशी असेल व करारात त्याचे नाव असेल, तर तेथील भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित होऊन येण्यास अवधी लागतो, हेही आधीच धरून चालावे. ते मुखत्यारपत्र घरच्या माणसाच्या नावे असावे. दलालाच्या नावे मुखत्यारपत्र कोणत्याही कारणाने करून देऊ नये.

सोसायटीची बाकी फेडून टाकावी. हस्तांतरणाची पूर्वसूचना पंधरा दिवसांची द्यावी लागते. २००१ सालच्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे हस्तांतरण अधिमूल्य आपल्याकडे जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. विकास निधी, देणगी अशा निरनिराळ्या नावांनी त्याहून अधिक मागणी होते, ती कोणत्या नियमाने हे लेखी विचारावे. तोंडी विचारल्यास चिटणीसांशी केवळ वाकडे येते.

घराचे माप स्वतः टेपने घ्यावे. जुन्या करारांत बहुधा बाहेरील भिंतींसकट क्षेत्र लिहिलेले असते, आणि आजचा घेणारा चटईक्षेत्र, म्हणजे कार्पेट, विचारतो. चौरस मीटरास १०.७६४ ने गुणले म्हणजे चौरस फूट येतात. गॅलरी खोलीत मिळवून घेण्याची पद्धत आपल्या उपनगरांत घरोघर आहे; बँकेचा मूल्यमापक मंजूर नकाशाशी ताडून पाहतो तेव्हा ती उघडी पडते. म्हणून घेणाऱ्यास ते आधीच सांगावे. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्यान्वये तिची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. त्या अहवालाची नक्कल सोसायटीकडून मागून घ्यावी. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर काय करावे, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज एवढेच की त्या सभांची इतिवृत्ते घेणाऱ्यापासून लपवू नयेत.

लपविण्याचा विषय निघालाच आहे, तर ओल. बोरिवलीस शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांस ती काय असते हे सांगावयास नको. सल्ला असा मिळतो की दिवाळीपूर्वी पोपडे खरवडून दोन हात रंग मारावा आणि पुढील मृगापूर्वी घर विकून मोकळे व्हावे. हे आम्हांस मान्य नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम असे सांगते की साधारण काळजीने घेणाऱ्यास दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यास ठाऊक असल्यास त्याने तो सांगितला पाहिजे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी घेणारे कुटुंबही आपल्यासारखेच वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन येत असते. गच्चीतून किंवा बाहेरील भिंतीतून येणारी गळती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने आपल्या खर्चाने काढावयाची आहे. विक्रीच्या आधी सहा महिने तसा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि दुरुस्तीनंतर एक पावसाळा जाऊ द्यावा. नळ, मोरीची जाळी, दाराच्या बिजागऱ्या, फुटकी लादी, हे थोड्या पैशात होते. नवे स्वयंपाकघर बसविण्याच्या भरीस पडू नये. घेणारा ते बहुधा तोडतोच.

आता एक नाजूक प्रश्न. घेणारा कोण असावा? मजल्यावर आपली दोन-तीन घरे असली म्हणजे ‘दुसऱ्या जातीच्यास देऊ नका’ असा निरोप येतो; क्वचित तो मंडळाच्या सभासदांकडूनच येतो. एखादी सोसायटी आपल्या उपविधीने सभासदत्व एका समाजापुरते ठेवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबाद येथील पारशी सोसायटीच्या प्रकरणी म्हटले आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या सोसायट्यांत तसा उपविधी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड येथील एका सोसायटीत एका मराठी भगिनीस, ती मराठी आहे एवढ्याच कारणावरून, कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. ती वार्ता वर्तमानपत्रांत आली तेव्हा आपण सर्वच संतापलो, आणि ते योग्यच होते. आपले तरुण ‘मांसमच्छी चालते का?’ या प्रश्नासाठी अंधेरीत दारोदार अपमान सोसतात. तोच प्रश्न आपण आपल्या उंबऱ्यात उभे राहून दुसऱ्यास विचारावा काय? आमचे उत्तर नाही असे आहे. काही ज्येष्ठांस ते रुचणार नाही. त्यांनी भोजनोत्तर आम्हांस जरूर गाठावे. घेणाऱ्याचे कर्ज मंजूर आहे का, तो पैसे किती दिवसांत देणार, एवढेच विचारण्याचा विकणाऱ्यास अधिकार आहे, असे आम्ही समजतो. दलालासही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, कारण पुष्कळ वेळा माणसांची ही चाळण आपल्या नावाने तोच लावीत असतो.

पैशाविषयी थोडक्यात. विसार धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावा व पावती द्यावी; स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने निषिद्ध आहे. मूळ कागद विसाराबरोबर देऊ नयेत, नकला द्याव्यात. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास घेणारा शेकडा एक कर कापून सरकारात भरतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. परदेशी राहणाऱ्या सहमालकाच्या बाबतीत ही कापणी पुष्कळ अधिक असते. भांडवली नफ्यावरील कराची आकारणी २३ जुलै २०२४ पासून बदलली आहे, आणि त्यापूर्वी घेतलेल्या घरास येथील रहिवाशास दोन रीतींपैकी हलकी पडेल ती निवडता येते. हा हिशेब सनदी लेखापालाकडून विक्रीपूर्वी करून घ्यावा; विक्रीनंतर केवळ आकडा कळतो, उपाय राहात नाही. ताबा पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर द्यावा, आणि त्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आणि हे सर्व करण्यापूर्वी उभयतांनी एका संध्याकाळी दार लावून बसावे आणि आपण राहावयास कोठे जाणार हे ठरवावे. मुलाकडे, असे उत्तर असेल तर मुलास व सुनेस तसे स्पष्ट विचारले आहे काय? विक्रीची सर्व रक्कम मुलाच्या नव्या मोठ्या घरात घालणार असाल, तर त्या घराच्या करारात आपली दोघांची नावे असणार काय? आमच्याकडे आलेल्या कागदांत असे एक दांपत्य होते, की ज्यांचे अंधेरीचे घर गेले, पैसे नव्या घरात गेले, आणि नव्या घराच्या करारावर त्यांचे नाव कोठेही नव्हते. मुलगा वाईट नव्हता. कोणास सुचलेच नाही. पतीच्या पश्चात त्या माउलीस, माझे म्हणण्यासारखे आता काय आहे, हा प्रश्न आम्हांस विचारावा लागला. कागद चाळून तिला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मुलास मदत अवश्य करावी, पण नाव घालून करावी. आणि रकमेचा एक भाग दोघांच्या संयुक्त खात्यात स्वतंत्र ठेवावा. दलाल हा प्रश्न काढणार नाही, कारण तो त्याचा नाही. मुले संकोचाने काढणार नाहीत. तो आपणच काढावयाचा आहे, आणि साठेखतावर सही होण्याच्या आधी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. ज्यांस कागद दाखवावयाचे असतील त्यांनी नकला आणाव्यात, आणि शक्य तर पतिपत्नींनी जोडीने यावे. पाने मांडल्याचे दिसते आहे, तेव्हा आपली रजा घेतो.